किकरला बसवून स्वतःच किक मारणारा पोरगा पुढे कोच झाला त्याची गोष्ट (स्टीव्ह स्परिअर)

गेन्सव्हिलवाला:

आचरेकर सरांच्या धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं की चांगला कोच तोच होतो ज्याला खेळाडू म्हणून मोठं होता आलं नाही, आणि मी तिथे "एक अपवाद माहितीये, सवडीने लिहितो" म्हणून सटकलो होतो. तिघांनी व्यनि करून आठवण केली. तर घ्या. मोठं आहे, चहा घेऊन बसा.

फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल बरं का, लांबुळक्या चेंडूचा, हेल्मेटवाला. नियम येत नसले तरी चालेल, मलाही येत नव्हते. ९६ च्या ऑगस्टमध्ये मी युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडात एमएस करायला गेन्सव्हिलला उतरलो, दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन, आणि अपार्टमेंटमधल्या सीनियरने पहिल्याच दिवशी सांगितलं की शनिवारी गेम असेल तर दूध-भाजी शुक्रवारीच आण, शनिवारी युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवर पाय ठेवायला जागा नसते. म्हटलं जत्रा आहे का काय. जत्राच होती. केशरी-निळे कपडे घातलेली आजीबाईपासून तान्ह्या पोरापर्यंत माणसं, आणि त्या जत्रेचा देव म्हणजे डोक्यावर पांढरा व्हायझर घातलेला, कायम कपाळाला आठ्या असलेला पन्नाशीचा माणूस. स्टीव्ह स्परिअर. प्ले (आखलेली चाल) फसला की तो व्हायझर काढून जमिनीवर आपटायचा आणि टीव्हीवाले तेच दहा वेळा दाखवायचे.

मला आधी वाटलं हा नुसता चिडका कोच आहे. मग सीनियर म्हणाला, अरे याच मैदानावर हा खेळलाय.

तर मागे जाऊ. जन्म १९४५ चा, वाढला टेनेसीतल्या जॉन्सन सिटीत. वडील प्रेस्बिटेरियन पाद्री, पण पोरांच्या बेसबॉल टीमचे कोचही. स्परिअरच सांगतो तो किस्सा असा की वडिलांनी एकदा पोरांना विचारलं, हरणं-जिंकणं महत्त्वाचं नाही, कसे खेळलात ते महत्त्वाचं, हे किती जणांना पटतं? बऱ्याच पोरांनी शहाण्यासारखे हात वर केले. वडील म्हणाले मला नाही पटत, स्कोअर लिहितात ना, मग जिंकायलाच खेळायचं. पाद्रीबुवा असून! या एका किस्स्यात पुढचा अख्खा माणूस आहे.

शाळेत फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल तिन्ही. बेसबॉलमध्ये पिचर म्हणून तीन वर्षांत एकही मॅच हरला नाही. घरचं कॉलेज म्हणजे टेनेसी, पण तिथे तेव्हा जुन्या पद्धतीचा खेळ चालायचा ज्यात पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला फार कामच नाही, म्हणून हा गेला फ्लोरिडाला. क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू, प्रत्येक वेळी चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि पुढे काय करायचं ते तो बघतो.

आता तो प्रसंग. २९ ऑक्टोबर १९६६, गेन्सव्हिल, समोर ऑबर्न. २७-२७ बरोबरी, दोनेक मिनिटं उरलेली. दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, त्यातली चौथी. गोल चाळीस यार्डांवर. फील्ड गोल, म्हणजे किक मारून चेंडू गोलच्या खांबांमधून काढला, तर तीन पॉइंट आणि मॅच खिशात, पण टीमच्या नेहमीच्या किकरला एवढा पल्ला झेपण्यातला नव्हता. स्परिअर दिवसभर पास टाकत होता, पंटही (चेंडू हातातून सोडून मारलेली लांब किक) तोच मारत होता. तो साइडलाइनकडे बघून हाताने खूण करतो, मीच मारतो म्हणून. कोच रे ग्रेव्हज हो म्हणतात. चौकोनी टोचाचा बूट चढवतो, मारतो, गेला. ३०-२७.

त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे देशातला सगळ्यात भारी कॉलेज खेळाडू, ती त्याला मिळाली. ती त्याने तिथल्या तिथे युनिव्हर्सिटीच्या अध्यक्षांच्या हातात दिली, विद्यार्थ्यांची आहे म्हणून. मग विद्यार्थ्यांनी पैसे काढून त्याच्यासाठी दुसरी करवून घेतली, आणि तेव्हापासून एक खेळाडूला आणि एक कॉलेजला अशा दोन ट्रॉफ्या द्यायची पद्धत पडली.

पण ऑबर्ननंतर बरोब्बर एका आठवड्याने, तोपर्यंत सातच्या सात जिंकलेली ही टीम जॉर्जियाकडून २७-१० हरली. स्परिअरचे तीन पास समोरच्यांनी पकडले. कॉन्फरन्सचं, म्हणजे त्या भागातल्या कॉलेजांच्या गटाचं, टायटल गेलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑफिस आहे, पुढचं रात्री.

बोका:

म्हणजे सॉकर नाही ना हे? मी रोनाल्डो शोधत आलो होतो :(

रच्याकने "चौकोनी टोचाचा बूट" म्हणजे?

गेन्सव्हिलवाला:

बोका, तेव्हा पायाच्या चवड्याने सरळ ठोसा मारल्यासारखी किक मारायचे, म्हणून टोक सपाट असलेला वेगळा बूट. आता सॉकरसारखा आडवा पाय फिरवून मारतात. घ्या, आलं की सॉकर.

हेमा_ओक:

मस्त लिहिताय. नियम काही कळत नाहीत तरी वाचलं. एक शंका, ६५-६६ फ्लोरिडा म्हणजे ते गेटोरेड तिथलंच ना? माझा भाचा मॅरेथॉनला ढोसत असतो.

गेन्सव्हिलवाला:

हेमाताई, अगदी बरोबर. १९६५ मध्ये युनिव्हर्सिटीतल्याच डॉ. रॉबर्ट केड आणि त्यांच्या लोकांनी बनवलं, उकाड्यात पोरं घामाने गळून जायची आणि लघवीलाही जायची नाहीत म्हणून. टीमचं नाव गेटर्स म्हणजे मगरी, म्हणून गेटोरेड. स्परिअरच्या बॅचवरच पहिले प्रयोग झाले. आपल्याकडे आजी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी द्यायची, तिने पेटंट नाही घेतलं.

असो, पुढे.

१९६७ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल या प्रोफेशनल लीगच्या टीम कॉलेजची पोरं निवडतात तो) तिसऱ्या नंबरवर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सने उचललं. हाइझमनवाला, वाटलं आता राज्य करणार. आणि नऊ वर्षं बेंचवर! म्हणजे अगदी शब्दशः नाही, पंट मारायचा, ७२ मध्ये जॉन ब्रोडी जखमी झाला तेव्हा टीम ओढलीही, पण ब्रोडी परत आला की हा परत बाकावर. दहाव्या वर्षी, १९७६ ला, टँपा बेची नवी कोरी टीम आली तिने घेतलं. त्या टीमचा रेकॉर्ड? ०-१४. चौदाच्या चौदा हरले. क्वार्टरबॅक, आपले हेच. त्यानंतर खेळणं संपलं.

माझं मत, कोणी मानो न मानो, कोच तिथे बाकावर तयार झाला. खेळता येत असून नऊ वर्षं उभं राहून दुसऱ्याचा खेळ बघायचा, मनातल्या मनात आपले प्ले लावायचे आणि वरून कोच जे पाठवेल ते मुकाट्याने बघायचं, असं ज्याने काढलंय त्याच्या हातात शेवटी फळा आला की तो काय करणार? जे जे बाकावर बसून खेळला ते सगळं खेळून घेणार.

फळा सहज नाही आला. ७८ ला फ्लोरिडात क्वार्टरबॅक कोच, हेड कोचची नोकरी गेली, याचीही गठडी. ७९ ला जॉर्जिया टेक, तिथेही हेड कोच गेला, परत गठडी. मग ड्यूकमध्ये तीन वर्षं. १९८३ ला यूएसएफएल नावाची नवी लीग निघाली, त्यात टँपा बे बँडिट्सने हेड कोच केलं, वय ३७. मालकांत सिनेमातला बर्ट रेनॉल्ड्स. तीन सीझन धमाल, मग लीगच बुडाली.

१९८७ ला ड्यूक, या वेळी हेड कोच. ड्यूक म्हणजे बास्केटबॉलवालं कॉलेज, फुटबॉलमध्ये कोणी विचारत नव्हतं. तिसऱ्या वर्षी, ८९ ला, कॉन्फरन्सचं टायटल वाटून का होईना घेतलं, १९६२ नंतर पहिल्यांदा. त्याच वर्षी शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनाला त्यांच्याच मैदानावर ४१-० धुतलं आणि मग अख्खी टीम स्कोअरबोर्डखाली उभी करून फोटो काढला. लोक खवळले. याला काही नाही, स्कोअर लिहितात ना?

अटलांटाकर:

आला का हा इथेही. मी जॉर्जियावाला, माझ्या घरात या माणसाचं नाव घेतलं की सासऱ्यांचा बीपी वाढतो (सासरे मूळचे जॉर्जियातल्याच अथेन्सचे, अमेरिकन).

त्या "पुढे लागणार आहे" चं मीच सांगतो. १९९५. फ्लोरिडा-जॉर्जिया मॅच एरवी जॅक्सनव्हिलला होते, पण तिथलं स्टेडियम बांधायला काढलेलं म्हणून ती आमच्याकडे अथेन्सला होती. फ्लोरिडा कधीच जिंकून बसलेली. शेवटच्या मिनिटांत कोणीही सभ्य कोच चेंडू जमिनीवर ठेवून वेळ काढतो. यांनी पास टाकून अजून एक टचडाउन केलं (चेंडू शेवटच्या रेषेपार नेला), ५२-१७. कारण काय दिलं, तर अथेन्समध्ये येऊन जॉर्जियावर कोणी पन्नास लावले नव्हते, ते आम्हाला लावायचे होते! याला खेळाडूवृत्ती म्हणतात का? एकोणतीस वर्षांपूर्वीचा राग काढला त्याने कॉलेजच्या पोरांवर, जी तेव्हा जन्मलीही नव्हती.

गेन्सव्हिलवाला:

अटलांटाकर, राग काढला हे शंभर टक्के मान्य. फ्लोरिडाचा कोच म्हणून जॉर्जियाविरुद्ध ११-१ आहे तो. आणि काढावा की! तीन पास हुकलेले माणूस विसरतो का. मला अजून दहावीचा भूमितीचा पेपर आठवतो.

विदर्भबाणा:

आपल्याकडचं ताजं उदाहरण चंद्रकांत पंडित. ९८-९९ ची रणजी फायनल, बंगळुरू, मध्य प्रदेशचा कॅप्टन, पहिल्या डावाची आघाडी घेऊन शेवटी ९६ रनांनी हरले. २०२२ ला त्याच चिन्नास्वामीवर त्याच मध्य प्रदेशचा कोच म्हणून जिंकले, ते पण मुंबईला हरवून. मैदानावर डोळे पुसत होते. मध्ये आमच्या विदर्भाला दोन रणजी देऊन गेले हे विसरू नये (विसरू देणार नाही).

पण पंडित सर पन्नास लावायला गेले नाहीत एवढा फरक.

मुक्कामपोस्ट:

कोच जिंकला-बिंकला ठीक आहे, त्याने नवीन काय केलं ते सांगा ना. किस्से सगळ्यांकडे असतात.

गेन्सव्हिलवाला:

चांगला प्रश्न. १९९० ला तो फ्लोरिडाला हेड कोच म्हणून परतला तेव्हा परिस्थिती अशी की या कॉलेजने आपल्या गटाचं, म्हणजे एसईसी कॉन्फरन्सचं, टायटल अधिकृतपणे एकदाही जिंकलेलं नव्हतं. ८४ ला जिंकलं होतं, ते नियम मोडले म्हणून काढून घेतलं. आल्या आल्या याने कृत्रिम टर्फ उखडून खरं गवत लावलं आणि घरच्या मैदानावर केशरीऐवजी पुन्हा निळ्या जर्सी आणल्या, म्हणजे स्वतः खेळायचा तेव्हा होतं तसं.

आणि खेळ. एसईसीत तेव्हा सगळे चेंडू पोटाशी धरून ढुशा देत तीन-तीन यार्ड पुढे सरकायचे. याने पहिल्या दिवसापासून हवेत. रिसीव्हरने (पास झेलणाऱ्याने) धावता धावता समोरचा बचाव कसा उभा आहे ते वाचायचं आणि त्याप्रमाणे वळायचं, क्वार्टरबॅकनेही तेच वाचायचं, आणि रिसीव्हर वळायच्या आत चेंडू सोडायचा, त्याने मान फिरवली की चेंडू छातीवर. दोघांनी एकच गोष्ट वाचली तर थांबवणं अवघड, वेगळी वाचली तर चेंडू थेट समोरच्याच्या हातात आणि व्हायझर जमिनीवर. "फन अँड गन" म्हणायचे त्याला. पहिल्या वर्षी क्वार्टरबॅक कोण, तर शेन मॅथ्यूज, स्प्रिंगमध्ये यादीत पाचव्या नंबरवर असलेला पोरगा. सीझन संपता संपता कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू.

१९९१ ला पहिलं एसईसी टायटल, मग ९३ ते ९६ लागोपाठ चार, मग २००० चं. स्टेडियमला "स्वॅम्प", म्हणजे दलदल, हे नाव त्यानेच पाडलं, मगरी तिथेच राहतात आणि बाहेरचा आत आला तर त्याचं काही खरं नाही. बारा वर्षांत घरी फक्त पाच हरले. पाच!

आणि तोंड तर विचारू नका. टेनेसी दरवर्षी दुसरे यायचे आणि दुसऱ्यांना सिट्रस बोलमध्ये (बोल म्हणजे सीझननंतरची मानाची मॅच) पाठवायचे, तर हा म्हणाला यू आणि टी शिवाय सिट्रसचं स्पेलिंगच होत नाही. यूटी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ टेनेसी. त्याचं गाव तिथलंच हो!

हेमा_ओक:

सिट्रसचा जोक दोनदा वाचल्यावर कळला =))

गेन्सव्हिलवाला:

आता ९६, ज्या वर्षी मी तिथे होतो. त्याआधीच्या जानेवारीत फिएस्टा बोलमध्ये नेब्रास्काने यांना ६२-२४ चिरडलं होतं, नॅशनल टायटलच्या मॅचला. त्यावर याने काय केलं, तर बचाव सांभाळायला कॅन्सस स्टेटहून बॉब स्टूप्स नावाचा तरुण माणूस आणला (पुढे त्याने ओक्लाहोमाला चॅम्पियन केलं ते वेगळं).

नोव्हेंबरच्या शेवटी टॅलाहासीला फ्लोरिडा स्टेटकडून (हे वेगळं कॉलेज) २४-२१ हरले. क्वार्टरबॅक डॅनी वुर्फल, हाही पाद्र्याचाच मुलगा, त्याला इतकं तुडवलं होतं की टीव्हीवर बघवत नव्हतं. आमच्या अपार्टमेंटमध्ये सुतक. नॅशनल टायटल संपलं म्हणून सगळ्यांनी ग्रेड्सकडे लक्ष द्यायचं ठरवलं. मग एकेक चमत्कार. नेब्रास्का टेक्सासकडून हरली. यांनी अलाबामाला ४५-३० हरवून एसईसी घेतलं. एक जानेवारीला अ‍ॅरिझोना स्टेट शेवटच्या क्षणी ओहायो स्टेटकडून हरली. म्हणजे दोन जानेवारीला न्यू ऑर्लिन्सच्या शुगर बोलमध्ये परत फ्लोरिडा स्टेटच समोर आणि जिंकलं तर टायटल.

वुर्फल मार खाणार हे सगळ्यांना माहीत. स्परिअर शॉटगनवाला नव्हता, त्याचा क्वार्टरबॅक सेंटरच्या, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्याच्या, मागे चिकटून उभा राहायचा आणि चेंडू घेऊन मागे सरायचा. या मॅचला त्याने वुर्फलला आधीच चार-पाच यार्ड मागे उभं केलं, चेंडू तिथेच येऊ दे, एक सेकंद जास्त मिळू दे. बास. ५२-२०. वुर्फलला त्या वर्षीची हाइझमन आधीच मिळाली होती, म्हणजे हाइझमनवाल्याने हाइझमनवाला घडवला, असं पहिल्यांदाच.

त्या रात्री आम्ही चौघं देशी, त्यातल्या दोघांना टचडाउनचे पॉइंट किती तेही माहीत नव्हतं, युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवर अनोळखी माणसांच्या गळ्यात पडून ओरडत होतो. माझी एक चप्पल हरवली. थंडीत एका चपलेवर घरी आलो.

काडीवाला:

चांगलं चाललंय तर जरा काडी टाकतो. मग हा ग्रेट कोच एनएफएलमध्ये का आपटला? वॉशिंग्टनमध्ये ५ वर्षांचे अडीच कोटी डॉलर, आणि दोन वर्षांत ७-९, ५-११, पळ काढला. कॉलेजमध्ये फ्लोरिडातली उत्तम पोरं वेचून घ्यायची आणि गरिबांना बडवायचं, सोपं आहे. बरोबरीची माणसं समोर आल्यावर कळली लायकी. शिवाय साहेब उन्हाळ्यात गोल्फ खेळणार, बाकीचे कोच रात्री ऑफिसात झोपतायत आणि हे आपले घरी.

गेन्सव्हिलवाला:

काडीवाला, निम्मं बरोबर आहे तुमचं. रात्री बारापर्यंत फिल्म बघत बसणाऱ्या कोचांची तो चेष्टाच करायचा, आणि एनएफएलमध्ये ते अंगाशी आलं असं म्हणायला जागा आहे. २००२ च्या प्री-सीझनला ओसाकात, हो जपानमध्ये, फोर्टीनायनर्सना ३८-७ हरवलं तेव्हा सगळे म्हणाले आला बाबा नवा अवतार. खरा सीझन सुरू झाला आणि कळलं की याच्या पद्धतीत पाच जण पास घ्यायला पळतात म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवायला माणसं कमी. कॉलेजमध्ये समोरचा पोरगा अर्धा सेकंद उशिरा पोचतो. एनएफएलमध्ये नाही. पॅट्रिक रॅम्सी नावाचा तरुण क्वार्टरबॅक होता, त्याची दोन वर्षं पाठीवर पडण्यात गेली. याने जुने चेले वुर्फल आणि मॅथ्यूज पण बोलावले, पण तेही आता तिशीला टेकलेले.

पण "गरिबांना बडवायचं" हे नाही पटत. मग ड्यूक काय होतं? आणि पुढे साउथ कॅरोलायना?

कोलंबियातली_मी:

साउथ कॅरोलायना म्हटल्यावर आले. आम्ही २००८ पासून इथल्या कोलंबिया शहरात, नवरा युनिव्हर्सिटीत. इथे स्परिअर २००५ ला आले. त्याच सीझनला त्यांच्याच फ्लोरिडाला हरवलं ३०-२२, इथल्या लोकांच्या म्हणण्याप्रमाणे १९३९ नंतर पहिल्यांदा. काडीवाला, या कॉलेजला कोणी उत्तम पोरं-बिरं वेचून देत नव्हतं हो.

मी सांगते ९ ऑक्टोबर २०१०. अलाबामा आदल्या वर्षीचे चॅम्पियन आणि नंबर एक. मला खेळात काडीचा रस नव्हता, मी किचनमध्ये साबुदाणा भिजवत होते, नवरात्र सुरू झालेलं. बाहेर शेजारचे आजोबा, सत्तरीचे, कायम टाय लावून चर्चला जाणारे, ते ड्राइव्हवेमध्ये येऊन नुसते उभे. मी विचारलं काय झालं, बरं वाटत नाहीये का. म्हणाले आत बघवत नाही. शेवटी ३५-२१ जिंकले तेव्हा ते रडत होते आणि मला काही कळेना की यांना पाणी द्यावं का पेढा. नंबर एकला हरवलं ते या कॉलेजने इतिहासात पहिल्यांदाच.

मग २०११, १२, १३ तिन्ही वर्षं अकरा-अकरा विजय, क्लेमसनला (राज्यातलंच दुसरं कॉलेज) लागोपाठ पाच वेळा हरवलं. पण शेवट मात्र मला आवडला नाही. २०१५ ऑक्टोबर, २-४ झाले आणि सीझनच्या मध्यातच राजीनामा. निवृत्त होत नाहीये, राजीनामा देतोय, असंही वर ऐकवलं. पोरांना तुम्ही सांगता शेवटपर्यंत लढा आणि स्वतः अर्ध्यात उठता? आमचे आजोबा तेव्हा महिनाभर बोलले नाहीत त्यांच्याबद्दल.

अटलांटाकर:

+१. २००२, २००३, २०१५. मनासारखं झालं नाही की उठायचं.

गेन्सव्हिलवाला:

२०१५ चं मीही समर्थन करत नाही. सत्तर वर्षांचं वय, ठीक, पण सहा मॅच उरल्या होत्या, काढायच्या. त्याचं म्हणणं असं की मीच राहिलो तर पोरांना नवं काही मिळणार नाही, मी अडसर झालोय. असेलही. मला वाटतं त्याला हरणाऱ्या टीमच्या बाकावर परत उभं राहायचंच नव्हतं, ७६ ला एकदा झालं होतं तेवढं पुरे.

२००२ चं मात्र वेगळं. ऑरेंज बोलमध्ये मेरिलँडला ५६-२३ हरवून दोन दिवसांनी गेला. फ्लोरिडात १२२-२७-१ करून. त्याला पळणं कसं म्हणायचं?

मुक्कामपोस्ट:

पैशाचं कोणीच बोलत नाहीये. कोचला कोट्यवधी, आणि ज्या पोरांची हाडं मोडायची त्यांना तेव्हा फक्त फी माफ. साउथ कॅरोलायनाचाच तो मार्कस लॅटिमोर, २०१२ मध्ये गुडघा गेला, एनएफएलमध्ये एक मॅच खेळू शकला नाही.

गेन्सव्हिलवाला:

हे बोललात ते बरं केलंत. २०११ मध्ये एसईसीच्या कोचांच्या बैठकीत याच स्परिअरने प्रस्ताव ठेवला की आम्ही कोच मंडळी स्वतःच्या खिशातून दर मॅचला पोरांना प्रत्येकी ३०० डॉलर देतो, आई-बापांना मॅच बघायला यायला, मुक्कामाला. सहा दुसऱ्या कोचांनी सही केली. मंजूर अर्थातच झालं नाही. आता २०२१ पासून पोरं स्वतःच्या नावावर पैसे कमावतात, पण तेव्हा हे बोलणं म्हणजे पाप होतं.

विदर्भबाणा:

आता करतात काय हे?

गेन्सव्हिलवाला:

एएएफ म्हणून अजून एक नवी लीग निघाली होती २०१९ ला, त्यात ओरलँडोचा कोच. ७-१ वर असताना लीग बुडाली. म्हणजे त्याने हात लावलेली दुसरी लीग! आम्हीच चॅम्पियन असं त्यांनी जाहीर करून टाकलं. गेन्सव्हिलच्या मैदानाला २०१६ पासून त्याचं नाव आहे, आणि २०२१ मध्ये गावात त्याचं रेस्टॉरंट निघालं, गच्चीवरच्या बारचं नाव "व्हायझर्स". कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये १९८६ ला खेळाडू म्हणून, २०१७ ला कोच म्हणून. दोन्ही बाजूंनी गेलेले फार थोडे आहेत.

बोका:

ओके मी आता इतकं वाचलंय तर एक मॅच बघतोच. कुठली? एकच सांगा.

गेन्सव्हिलवाला:

२२ नोव्हेंबर १९९७, फ्लोरिडा वि. फ्लोरिडा स्टेट, गेन्सव्हिल. मी स्टेडियमात होतो, स्टुडंट तिकीट, सर्वात वरच्या रांगा. त्या वर्षी वुर्फल नव्हता, क्वार्टरबॅकचा पत्ता नव्हता. समोर तोवर एकही मॅच न हरलेली टीम. याने काय करावं? दोन क्वार्टरबॅक, डग जॉन्सन आणि नोआ ब्रिंडाइस, जवळजवळ प्रत्येक प्लेला आलटून पालटून. एक आत, दुसरा बाहेर, परत उलट. माझ्या शेजारचा पोरगा म्हणाला म्हातारा खुळा झालाय. शेवटी दोन-अडीच मिनिटं असताना २९-२५ मागे. पहिलाच पास साठेक यार्ड, जॅकेझ ग्रीन. मग फ्रेड टेलर दोनदा धावला, टचडाउन, ३२-२९. मी आयुष्यात एवढा आवाज ऐकला नाही, गणपती विसर्जनालाही नाही.

बोका:

पाहिली. रात्री दोन वाजले, बायको ओरडली. एक शंका आहे. ते दोघं पळत बाहेर यायचे तेव्हा स्परिअर प्रत्येकाचा खांदा धरून काहीतरी सांगत होता, दर वेळी. काय सांगत होता एवढं?

गेन्सव्हिलवाला:

पुढचा प्ले. म्हणून तर दोघं लागायचे. एक आत खेळतोय तोवर दुसरा याच्याजवळ.